बायोस्फिअर रिझर्व्ह पाहायला निघताय? बोरिवलीपासून सुरुवात करा

जून लागला की बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला फुटपाथवर शेवळांच्या, म्हणजे पावसाळी रानभाजीच्या, जुड्या दिसायला लागतात. पाड्यांवरून आणि पालघरकडून पहाटेच आलेल्या बायका समोर कागद अंथरून बसतात. शेवळं, टाकळा, कुरडू, थोड्या दिवसांनी कंटोळी. शेवळांशेजारी काकड या हिरव्या, आंबट रानफळांचा छोटा ढीग असतोच, कारण काकडं न घालता शेवळं केली तर घसा खवखवतो. एकदा मी एकीला विचारलं, ही मुळासकट उपटून आणता का? तिने जुडीचं बूड माझ्यापुढे धरलं. पांढरट देठ, टोकाला ओली माती, कंद नाही. "कंद जमिनीतच ठेवायचा, ताई. तो काढला तर पुढल्या साली काय विकू?"

बायोस्फिअर रिझर्व्ह या शब्दामागची कल्पना मला त्या दिवशी कळली. जंगल राखायचं आणि त्याच जंगलावर घरही चालवायचं, आणि दोन्ही वर्षानुवर्षं टिकवायचं. पेपरात हा शब्द वाचलाय, सुट्टीत एखादं क्षेत्र बघावं असं वाटतंय, पण तिथे जाऊन नेमकं काय बघायचं ते माहीत नाही, अशा मुंबईकरांसाठी हे लिहिते आहे. माझी पहिली फेरी मी वाया घालवली होती. मध्य प्रदेशातल्या पचमढीला गेले, जीपमधून फिरले, पॉइंट बघितले, परत आले. चांगली सहल झाली, पण बायोस्फिअर रिझर्व्ह मी पाहिलंच नव्हतं. ते जीपच्या रस्त्याच्या बाहेर होतं.

आधी नावांचा गुंता सोडवा

यासाठी एक संध्याकाळ पुरते, पण ती टाळू नका. आपल्याकडे सगळ्या संरक्षित जागांना सरसकट 'अभयारण्य' म्हणायची सवय आहे. कासचं पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी हे पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली गेले. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मेळघाट आणि ताडोबा हे व्याघ्र प्रकल्प. यातलं एकही बायोस्फिअर रिझर्व्ह नाही. किंबहुना महाराष्ट्रात आजवर एकही घोषित झालेलं नाही. म्हणून त्यासाठी आपल्याला राज्याबाहेर जावं लागतं.

मराठीत याला 'जीवावरण राखीव क्षेत्र' म्हणतात. युनेस्कोचा 'मानव आणि जीवावरण' हा कार्यक्रम १९७१ मध्ये सुरू झाला आणि १९७६ पासून अशा क्षेत्रांचं जागतिक जाळं उभं राहायला लागलं. आज त्यात साडेसातशेहून जास्त क्षेत्रं आहेत. १९९५ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल इथल्या परिषदेनंतर त्याची नियमावली पक्की झाली. तिच्यानुसार प्रत्येक क्षेत्राने तीन कामं करायची: निसर्ग जपायचा, तिथल्या माणसांचा टिकाऊ विकास साधायचा, आणि संशोधन व शिक्षणाला जागा द्यायची. दर दहा वर्षांनी आढावा होतो. नाव युनेस्कोच्या यादीत गेलं तरी जमीन आणि अधिकार त्या त्या देशाकडेच राहतात.

भारतात अशी १८ क्षेत्रं आहेत आणि त्यांतली १३ युनेस्कोच्या जाळ्यात आहेत. पहिलं निलगिरी. ते देशात १९८६ मध्ये घोषित झालं आणि २००० मध्ये जागतिक यादीत गेलं. सर्वांत ताजं नाव हिमाचलातल्या शीत वाळवंटाचं, २०२५ मधलं. मधल्या नावांत सुंदरबन, मन्नारचं आखात, नंदादेवी, नोक्रेक, सिमिलीपाल, पचमढी, अचानकमार-अमरकंटक, ग्रेट निकोबार, अगस्त्यमला, कांचनजंगा आणि पन्ना.

आता सर्वांत महत्त्वाचं. प्रत्येक क्षेत्राचे तीन पट्टे असतात. मधोमध गाभा, तिथे कडक संरक्षण. त्याभोवती बफर, तिथे जंगलाला धक्का न लावणारी कामं चालतात. त्याबाहेर संक्रमण क्षेत्र. यात गावं, शेतं, बाजार, शाळा सगळं येतं. निलगिरीचं क्षेत्र सुमारे ५,५२० चौरस किलोमीटर आहे, त्यातला गाभा १,२४० च्या आसपास, म्हणजे पावभागही नाही. उरलेल्या पाऊण भागात या ना त्या प्रकारे माणसाचा हात आहे. राष्ट्रीय उद्यान आणि बायोस्फिअर रिझर्व्ह यांतला फरक या पाऊण भागात आहे, आणि पर्यटक नेमका तोच गाडीच्या काचेतून मागे टाकतो. एवढं एक ध्यानात धरलंत तरी पुढचा प्रवास सार्थकी लागेल.

आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे. भारतात बायोस्फिअर रिझर्व्हसाठी वेगळा कायदा नाही. गाभ्याला संरक्षण मिळतं ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे, तिथलं उद्यान किंवा अभयारण्य घोषित असल्यामुळे. नुसत्या पदवीने काही थांबवता येत नाही. ग्रेट निकोबार २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. तिथल्या गलाथिया उपसागराचं अभयारण्य २०२१ मध्ये रद्द झालं, आणि त्याच बेटावर बंदर, विमानतळ आणि नगर वसवण्याचा प्रकल्प मंजूर झाला. तेव्हा कुठल्याही क्षेत्राचं नाव ऐकलं की पहिला प्रश्न विचारा: गाभ्यात कायद्याने नेमकं काय घोषित आहे?

बोरिवलीत एक दिवस सराव करा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बायोस्फिअर रिझर्व्ह नाही, हे पुन्हा सांगते. पण पट्टे वाचायला शिकण्यासाठी मुंबईकराला याहून जवळची शाळा नाही. सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून मंगळवार ते रविवार पाहा आणि सकाळी गेट उघडताच आत शिरा. मुख्य गेटपासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. शिलोंड्यासारख्या वाटांवर वनविभागाच्या परवानगीने, त्यांच्या माणसासोबतच जाता येतं.

या फेरीत बिबट्या दिसण्याची आशा घरी ठेवून या. वही घ्या आणि कडा बघा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल, आत तुळशी आणि विहार तलाव, ज्यांचं पाणी शहराला मिळतं, आणि चहूबाजूंनी इमारती. शहर जंगलाला नेमकं कुठे भिडतं? एखाद्या ठिकाणी भिंत आहे, एखाद्या ठिकाणी वस्तीच्या शेवटच्या घराला लागून झाडी सुरू होते. तिथे कचरापेटी कुठे आहे, ते बघा. उघडा कचरा म्हणजे भटकी कुत्री आणि डुकरं, आणि कुत्री म्हणजे बिबट्याचं आयतं खाणं. बिबट्याला सोसायटीपर्यंत आणणारी साखळी बऱ्याचदा एवढीच असते.

वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसलं होतं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडले की संघर्ष मिटत नाही, उलट वाढतो. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरं येतं. २०११ पासून मुंबईत वनविभाग, संशोधक आणि नागरिकांनी मिळून जी मोहीम चालवली तिचा भर पिंजऱ्यावर नव्हता. कचरा उचलणं, रात्री मुलांना एकटं न सोडणं, उघड्यावर शौचाला बसावं लागू नये अशी सोय करणं, बिबट्या दिसला तर गर्दी न करणं, यांवर होता. बफर म्हणजे काय ते यात दिसतं. जनावर आणि माणूस दोघांनाही तिथे राहायचं आहे, म्हणून नियम दोघांकडे बघून करायचे.

आत पाडे आहेत, नवपाड्यासारखे. वारली कुटुंबं इथे उद्यान होण्याच्या आधीपासून आहेत, वाघोबाला पुजणारी. त्यांच्या घरांचा आणि हक्कांचा प्रश्न कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं अडकलेला आहे. पाड्यावर ओळखीशिवाय, कॅमेरा रोखून जाऊ नका. सोबत तिथलं कोणी असेल तरच जा, आणि जाल तेव्हा विकायला ठेवलेलं काही विकत घ्या.

जमलं तर त्याच आठवड्यात गोरेगावच्या फिल्म सिटीशेजारचं बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं, निसर्ग शिक्षण केंद्रही बघा. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या वाटाड्यांसोबत दोन तास चाललात तर झाडं ओळखायची नजर तयार होते.

मग ऐरोलीची खाडी

इथे भरती-ओहोटी पाहून जायचं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मे, बोटीने रोहित पक्षी दाखवतात. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी फोन करून विचारा. पाणी उतरलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि पक्षी तिथे चरायला उतरतात. लहान रोहित माना खाली घालून, चोच उलटी करून चिखलाच्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळत असतात. पाच मिनिटं एकाच पक्ष्याकडे बघा. डोकं अर्धवर्तुळात फिरतं, पायांनी चिखल ढवळला जातो, आणि मागे पाण्यावर वळशांची रांग उमटत जाते.

पण मी तुम्हाला इथे पाठवतेय ते कांदळवनासाठी. तिवर कुठली, कांदळ कुठली, चिपी कुठली ते केंद्रातल्या माणसाकडून पानं हातात घेऊन समजून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं तोडायला बंदी घातली आणि २०१८ मध्ये ती कायम केली. नुसती बंदी मात्र पोट भरत नाही, म्हणून २०१७ पासून राज्यात कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आली. किनाऱ्यावरच्या गावांतले गट खेकडापालन, कालवंपालन, शोभिवंत माशांचं पालन असे धंदे करतात. कांदळवन शाबूत राहिलं तर धंदा चालतो, म्हणून राखण गावातूनच होते. संक्रमण क्षेत्राचं अख्खं गणित या योजनेत छोट्या आकारात बसलेलं आहे. संधी मिळाली तर एखाद्या गटातल्या ताईला विचारा, खेकड्याचं पिल्लू कुठून येतं, किती दिवसांत विकायला होतं, व्यापारी काय भाव देतो. धंदा खरा आहे की कागदावरचा, ते भावातून कळतं.

आता गाडीचं तिकीट काढा: पचमढी

मुंबईहून पहिल्या फेरीसाठी मी पचमढीच सुचवेन. इटारसी-जबलपूर मार्गावरच्या पिपरिया स्टेशनला उतरायचं. कल्याणवरून रात्री निघालात तर दुसऱ्या दिवशी पोचता. तिथून पचमढी पन्नासेक किलोमीटर घाटरस्ता. हे क्षेत्र देशात १९९९ मध्ये घोषित झालं आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. सातपुडा राष्ट्रीय उद्यान, बोरी आणि पचमढी अभयारण्यं त्यात येतात. बोरीचं जंगल १८६५ पासून राखीव आहे, देशातल्या सर्वांत जुन्या राखीव जंगलांपैकी. १,३५० मीटरचं धूपगड हे सातपुड्याचं सर्वोच्च टोक.

मराठी माणसाला ही जागा परकी नाही. विदर्भातून महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडला जाणाऱ्या भाविकांची आणि श्रावणात नागपंचमीला नागद्वारीच्या यात्रेला जाणाऱ्यांची वाट याच डोंगरांतून जाते. नागद्वारीची वाट तर एरवी बंद असलेल्या व्याघ्र प्रकल्पातून, वर्षातले मोजके दिवस उघडते. गर्दी नको असेल तर हे दिवस टाळा. आणि विदर्भात नातेवाईक असतील तर आधी त्यांना फोन करा. यात्रेच्या वाटांबद्दल आजोबा-काकांकडून जे कळतं ते नकाशात नसतं. इथले कोरकू म्हणजे आपल्या मेळघाटातल्या कोरकूंचे भाईबंद. त्यांच्याबरोबर गोंड. बोलायला हिंदी चालते, बैतूल आणि छिंदवाडा जिल्ह्यांत मराठीही भेटते.

निघण्याआधी उपग्रह नकाशा उघडा आणि मधलं गर्द हिरवं, त्याला लागून ठिपक्यांची गावं, आणि बाहेर शेतांच्या चौकटी, असे तीन पट्टे स्वतः शोधा. पिपरिया आणि सोहागपूर ही बाजाराची गावं बाहेरच्या बाजूला दिसतील. मुक्काम पॉइंटांच्या गर्दीत न करता जंगलाच्या कडेच्या गावातल्या होमस्टेमध्ये करा. मढई या उद्यानाच्या दुसऱ्या प्रवेशद्वाराच्या बाजूने जाणार असाल तर सोहागपूरला उतरा. तिथे देनवा नदी बोटीतून ओलांडून जंगलात शिरतात. गाभा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतो.

चार दिवस मिळाले तर गाभ्याला एकच दिवस द्या. सातपुड्यात पायी सफारीची सोय आहे, ती घ्या. जीपपेक्षा सावकाश असल्याने दिसतं जास्त. उरलेले तीन दिवस कडेच्या गावांना.

मी मार्च अखेर सुचवते. ऊन असतं, पण मोह गळत असतो. पहाटे गावाबाहेर पडलात तर मोहाखाली टोपल्या घेऊन वाकलेली कुटुंबं दिसतील. रात्रभर गळलेली पिवळसर, रसरशीत फुलं, बोटाला चिकट गोडवा. आता झाडाखालची जमीन बघा. काळी दिसली तर पालापाचोळा जाळलेला आहे, कारण साफ जमिनीवर फुलं पटकन दिसतात. हीच आग पुढे सरकली की वणवा होतो, आणि उन्हाळ्यातल्या बऱ्याच वणव्यांचं मूळ इथे असतं. मध्य प्रदेशात काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुलं गोळा करतात. आग लागत नाही, फूल मातीला लागत नाही, भावही बरा मिळतो. जाळी दिसली तर कोणी दिली, टिकते का, किती झाडांना पुरते, ते विचारा.

दुसरी कथा याच जंगलाला लागून असलेल्या तवा धरणाची आहे, आणि ती गोड नाही. धरणाने उठवलेल्या आदिवासींना १९९६ मध्ये तलावात मासेमारीचा हक्क मिळाला. तवा मत्स्य संघ या त्यांच्या सहकारी संघाने दहा वर्षं तो धंदा सांभाळला. व्याघ्र प्रकल्पाच्या संरक्षणाचं कारण पुढे आलं आणि २००६ नंतर करार वाढवून मिळाला नाही. जपणूक आणि जगणं यांचा तोल म्हणतात, तो असा एखाद्या कराराच्या तारखेवर हलतो. गाभ्यातून अनेक गावंही बाहेर हलवली गेली आहेत. अशा गावात बसलात तर नवी जमीन कशी आहे, पाणी आहे का, जुन्या गावातलं काय आठवतं, एवढंच विचारा आणि ऐका. मत द्यायची घाई करू नका.

बाकी प्रश्न साधे ठेवा. घर कशावर चालतं? रानडुकरांनी पीक खाल्लं तर भरपाई किती दिवसांनी येते? गाय वाघाने नेली तर? पोरं कुठे कामाला जातात? शंभर-दोनशे रुपये देऊन उत्तरं विकत घेऊ नका. जेवण, वाटाड्याची मजुरी, मध किंवा मोह मात्र पूर्ण भावाने घ्या, घासाघीस न करता.

पुढच्या फेरीला निलगिरी ठेवा, कोइमतूर किंवा म्हैसूरमार्गे. तिथे तोडा आदिवासींच्या वस्त्या आहेत, कुरुंब आदिवासींचं कड्यावरचं मधसंकलन आहे. बोरिवलीत जी घाणेरी (लँटाना) झुडपाखालचं सगळं गिळताना दिसते, तीच तिथल्या जंगलातही माजलेली आहे. तिथले आदिवासी कारागीर तिच्या काड्यांपासून खऱ्या आकाराचे हत्ती विणतात. घाणेरी तोडल्याने गवताला जागा होते आणि कारागिराला मजुरी मिळते. बोरिवलीच्या वाटेवर घाणेरी आधी ओळखून ठेवली असेल, तर तो हत्ती बघताना हात लावून काडी तपासाल.

परत आल्यावर

आठवडाभरात वही नीट लिहून काढा: कुठल्या पट्ट्यात काय पाहिलं, कोणी काय सांगितलं, कोणाचे फोटो पाठवायचे कबूल केलं. फोटो आधी पाठवा. बहुतेक पर्यटक ते विसरतात आणि पुढच्या पाहुण्याला तिथे दार अर्धंच उघडतं. पाहिलेली झाडं, पक्षी, फुलपाखरं आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तारखेसकट टाका. दुर्मीळ जनावराची किंवा ऑर्किडची नेमकी जागा मात्र झाकून ठेवा.

३ नोव्हेंबर हा जागतिक जीवावरण राखीव क्षेत्र दिन. त्या सुमारास सोसायटीत किंवा शाळेत नकाशा लावून तीन पट्टे समजावून सांगा, मुलांना फार आवडतं. सोबत मोहाची सुकी फुलं आणलीत तर वास घ्यायला रांग लागते.

आणि जून लागला की बोरिवली स्टेशनबाहेर जा. शेवळांची जुडी घ्या, काकडं मागून घ्या, आणि देठाचं बूड उलटून बघा.